टेपचं पहिलं टोक

सोमवार, ६

मुख्याध्यापिकाबाईंनी आज प्रत्येक शिक्षकाला एकेक कोरी वही दिली. वर 'प्रकल्प दैनंदिनी' असा शिक्का. रोज काय केलं, मुलं काय शिकली, अडचणी काय आल्या, ते लिहायचं म्हणे. सत्राच्या शेवटी बाई वाचणार. बाई माझ्या लेकीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या, आणि उत्साह असा की सकाळी आठ वाजताच समोरच्याला दम लागावा.

प्रकल्प काय, तर आठवीच्या मुलांनी आपल्या वर्गाची मांडणी स्वतः बदलायची. मोजमाप, प्रमाण, नकाशा, क्षेत्रफळ, सगळं हाताने करून शिकायचं. मी म्हटलं, "बाई, बाकं आहेत तिथे ठीक आहेत." बाई हसून म्हणाल्या, "ते मुलांना ठरवू द्या ना, सर."

एकवीस वर्षांपूर्वी मी स्वतः गुडघे टेकून प्रत्येक बाकाच्या पायाखाली फरशीवर रंगाच्या फुल्या मारल्यात. बाक फुलीवरून सरकलं की मला फळ्याकडे तोंड असतानाही कळतं. मुलं मला मागून 'काटकोन' म्हणतात. मला ठाऊक आहे. नाव वाईट नाही. स्टाफरूममध्ये याहून वाईट नावं आहेत.

या वहीत घरचं काही लिहायचं नाही, हे आधीच ठरवून टाकतो.

मंगळवार, ७

शाळेची लांब टेप खेळाच्या सरांकडे असते आणि ते ती कुणाच्या हाती देत नाहीत. म्हणे मागच्या वेळी भूगोलवाल्यांनी चिखलातून ओढली. त्यामुळे उद्यासाठी घरून टेप न्यायची ठरवली. बोळकांडीत, न्हाणीघराच्या दाराशेजारी, खिळ्याला बायकोची शिवणकामाची टेप टांगलेली आहे. दीडशे सेंटिमीटरची, पिवळी, कापडी. टोकाला कापडाची पट्टी दुमडून तिने छान गोट शिवलाय. तिचं कामच तसं, कुठे धागा सुटलेला दिसायचा नाही.

बायको लेकीकडे आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून गेली. नात आता आठ महिन्यांची झाली. लहान मूल म्हटलं की दिवस कमी-जास्त होणारच. शिवणयंत्रही सोबत नेलं, कारण नातीचे कपडे घरच्या घरी शिवता येतात. टेप तेवढी विसरली. यावरूनच कळतं की ती घाईत गेली आणि परत येणार आहे. कायमची निघालेली बाई खिळे तपासून निघाली असती.

घरचं लिहिलं गेलं. बाईंसाठी शेवटी स्वच्छ नक्कल काढावी लागणार.

गुरुवार, ९

मोजमाप सुरू. सदतीस मुलं, अठरा बाकं. दोघं-दोघं बसून एक उरतं. उरलेली मुलगी म्हणजे सत्राच्या मध्यात नव्याने आलेली. ती दारामागे स्टुलावर बसते. दार उघडलं की तिला उठून उभं राहावं लागतं. दिवसातून साधारण चौदा वेळा. हा आकडा माझा नव्हे, मुलांनी मोजलाय. मी इतके महिने तिथेच शिकवतोय, मला एवढंच माहीत होतं की ती फार चुळबुळ करते.

मापं घेताना तिच्याकडे टेपचं पहिलं टोक आलं. कुणालाच ते नको असतं. सगळ्यांना आकडा वाचायचा असतो, मोठ्याने सांगायचा असतो. ही आपली भिंतीशी टोक दाबून गप उभी. मुलांनी लगेच तिचं नाव 'शून्य' ठेवलं. मी रागावणार होतो, पण ती स्वतःच हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वर्गात एक 'वकील' आहे. कुठल्याही गणिताच्या उत्तराला "पण सर" म्हणून सुरुवात करतो. त्याने आज प्रकल्पाचा उद्देशच बदलला. फळ्यावर लिहिलं : "कुणालाही दारामागे बसावं लागू नये." मी म्हटलं, "उद्देश मोजता येण्याजोगा हवा." तो म्हणाला, "येतो की सर. आत्ता एक आहे. शून्य करायचाय."

सगळी हसली. तीसुद्धा.

रविवार, १२

बायकोचा फोन आला. मी नेहमीसारखं विचारलं, "कधी येणार?" ती म्हणाली, "टेप तिकडेच राहिलीये. बोळकांडीत खिळ्याला. कुणी इकडे येणारं असेल तर पाठवा."

टेप माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी म्हटलं, "दिसत नाहीये. शोधतो."

का असं बोललो कोण जाणे. म्हणजे, कारण माहीत आहे. टेप पाठवली की पुन्हा फोन कशासाठी करेल? गेल्या चार महिन्यांत तिचे पाच फोन आले, त्यांतले तीन नुसते गॅसच्या नोंदणीबद्दल. साधी टेप तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा मिळते. तरी हीच हवी म्हणते, यात काहीतरी आहे. मला बरं वाटलं, लपवून काय करू.

नंतर लेकीने फोन घेतला. म्हणाली, "आईचं काहीतरी बिनसलंय, बाबा. नवी टेप आणून दिली तर ह्यांच्या शर्टाच्या बाह्या आखूड केल्या. बाळाचा फ्रॉकही आखूड. आईच्या हातून असं कधी होतं का?" मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टरला दाखवा." वय झालं की हाताचा अंदाज जातो. मलाच हल्ली जिन्याची शेवटची पायरी आहे की नाही ते कळत नाही.

दुपार फार मोठी होती. रेडिओ चालू ठेवला. बातम्या तीनदा त्याच ऐकल्या.

सोमवार, १३

मुलांनी नकाशा केला. पुठ्ठ्याची बाकं कापली, एकास वीस प्रमाणात. टेबलावर मांडून, सरकवून बघतात. मला हे काम येतं, त्यामुळे हात शिवशिवत होते. मीसुद्धा असा नकाशा केला होता, घरी, अकरा वर्षांपूर्वी.

हिला शिवणयंत्र पुढच्या खोलीत खिडकीखाली हवं होतं. बोळकांडीत दिवसाही दिवा लावावा लागतो, काळ्या कापडावर काळी टीप दिसत नाही, वगैरे. मी हिचीच टेप घेतली आणि सगळं शास्त्रशुद्ध मोजलं. आज तो कागद काढून पाहिला. फायलींच्या पेटीत सापडला. अजून रेष न् रेष सरळ आहे. माझं पुस्तकांचं कपाट ३८. यंत्र ८२. माझी फायलींची पेटी ३२. बेरीज १५२. खिडकीखालची जागा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, १४९. खाली लाल शाईने लिहिलंय : तीन सेंटिमीटर कमी. बसत नाही.

मी तो कागद तिच्यापुढे ठेवला होता. तिने पाहिला आणि म्हणाली, "त्या टेपने नका मोजू." मला तेव्हा वाटलं, तिच्या वस्तूंना हात लावलेला हिला आवडत नाही. मी म्हटलं, "टेप कुणाची का असेना, सेंटिमीटर तेवढाच असतो." त्यावर "बरं" म्हणाली आणि कणीक मळायला गेली. पुन्हा विषय काढला नाही. म्हणजे पटलं असणार. हिचा हा स्वभाव चांगला. एकदा आकड्यांत समजावलं की वाद नाही.

बुधवार, १५

मुलांनी बाकं घोड्याच्या नालासारखी मांडायचं ठरवलंय, म्हणजे सगळ्यांना फळा दिसतो आणि एकमेकांची तोंडंही. एकमेकांची तोंडं बघून गणित कसं येणार, हे मला कळत नाही, पण बाईंना ते फार आवडलं. कोठीतलं एकोणिसावं बाकही मुलांनी मिळवलं. आता दारामागे कुणी नको.

घोडं अडलं ते दाराच्या भिंतीवर. कोपऱ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत दोन बाकं आणि वर्गाचं कपाट बसायला हवं. बाक १२२, बाक १२२, कपाट ५६. बेरीज ३००. भिंत भरली २९९.

एका सेंटिमीटरने सगळा नकाशा कोसळला. मुलांचे चेहरे बघवेनात. वकील म्हणाला, "पण सर, कपाट दुसरीकडे हलवता नाही का येणार?" मी म्हटलं, "कपाट भिंतीत ठोकलंय. आणि सोयीचं उत्तर यावं म्हणून दिलेल्या अटी बदलायच्या नसतात." तो म्हणाला, "अटी दिल्या कुणी?" या पोराला पुढे कोर्टातच पाठवायला हवं.

मी फळ्यावर लिहिलं : बसत नाही. मग हात धुवायला गेलो.

वर्ग सुटल्यावर शून्य स्टुलावरच बसून होती. मी म्हटलं, "घरी नाही जायचं?" म्हणाली, "जाते. घरी कुणी नसतं साडेसहापर्यंत." मी तिला सांगणार होतो की माझ्याकडे साडेसहानंतरही नसतं. पण शिक्षकाने असलं काही सांगायचं नसतं.

रविवार, १९

फोन आला. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. मी नऊपासूनच खुर्ची फोनजवळ ओढून बसलो होतो.

"सापडली का टेप?"

"शोधतोय. कपाटामागे पडली असेल."

"खिळ्यालाच होती."

"खिळ्याला नाही. कधी येणार?"

"बाळाला दात येतायत," ती म्हणाली. मागून नात रडत होती, आणि मग यंत्राचा आवाज आला, खट-खट-खट, बोलता बोलता तिने पायटा मारला होता. हा आवाज या घरात अकरा वर्षं बोळकांडीतून यायचा आणि मी दार लोटून घ्यायचो, कारण वह्या तपासताना चुका निसटतात. आज फोन कानाला घट्ट धरला.

दोन रविवार लागोपाठ फोन. प्रगती आहे. टेप आणखी थोडे दिवस सापडायला नको.

मंगळवार, २१

मुलं हरलेली नाहीत. ती परस्पर मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली आणि अर्ज दिला : शाळेच्या सुताराला बोलवावं, एका बाकाची कड एक सेंटिमीटर तासून द्यावी. खाली छत्तीस सह्या. सदतिसावी सही शून्याची हवी होती, पण वकील म्हणाला, "जिच्यासाठी अर्ज आहे तिची सही कशाला? ती पक्षकार आहे."

बाईंनी होकार दिला. खरं सांगायचं तर मला थोडं लाजल्यासारखं झालं. बसत नाही म्हटल्यावर बाक तासायचं, हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. मला 'बसत नाही' हे वाक्य पूर्ण वाटतं.

शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "वहिनी कधी येणार?" गेल्या महिन्यात मी "सुट्टीत" म्हटलं होतं. सुट्टी येऊन गेली. आज म्हटलं, "बाळाला दात येतायत." त्या म्हणाल्या, "हो का," आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिल्या. पिशवीत एक पाव आणि दोन केळी.

शुक्रवार, २४

सुतार आला. मोठ्या मिशा, कानामागे पेन्सिल, पट्ट्याला पोलादी टेप. मुलांनी घेरला. त्याने बाकाची कड बघितली, मग दाराची भिंत बघितली, आणि करवत काढायच्या आधी टेप काढली.

"कोण म्हणतं कापायचंय?" तो म्हणाला.

"सर म्हणतात," छत्तीस जणांनी एकदम सांगितलं.

"सर, बसतंय की हे! भिंत दोनशे पंच्याण्णव. बाक एकशे वीस, हे दुसरं एकशे वीस, कपाट चोपन्न. दोनशे चौऱ्याण्णव झाले. वर एक सेंटिमीटर उरतोय. चांगलं लाकूड कशाला नासवायचं?"

वर्गात एकच कल्ला झाला. मी पुन्हा मोजायला लावलं. आपल्या टेपने १२२, त्याच्या टेपने १२०. आपल्या टेपने कपाट ५६, त्याच्या टेपने ५४. भिंत आपली २९९, त्याची २९५.

वकील म्हणाला, "सर, तुमची टेप ताणलीय. जुनी आहे."

मी म्हणणार होतो की शक्य आहे. तेवढ्यात दारापाशी उभी असलेली शून्य बोलली. तिचा आवाज मी वर्गात फार तर चारदा ऐकला असेल. "ताणली असती तर कपाटात कमी फरक पडला असता. कपाट लहान आहे. पण बाकात दोन आणि कपाटातही दोनच आहे."

"आणि भिंतीत चार का?" वकिलाने उलटतपासणी घेतली.

"भिंतीला टेप दोनदा ठेवली." तिने टेपचं पहिलं टोक हातात घेतलं. "टेप नव्याने ठेवली की दरवेळी दोन वाढतात. कारण इथे एक आणि दोन नाहीतच, सर. टोकाला नुसता गोट आहे, आणि त्याच्यापुढे थेट तीन."

तिने टोक माझ्यापुढे धरलं. खरंच. टेपचे पहिले दोन सेंटिमीटर कापले गेलेले होते आणि त्या जागी इतका सुबक गोट की टेप तशीच जन्मली असं वाटावं. मी तीस वर्षं गणित शिकवतो. त्या टेपचा पहिला आकडा कधी बघितला नव्हता. मी कायम दुसऱ्या टोकाला, उत्तर वाचायला.

"तुला आधीच दिसलं होतं?" मी विचारलं.

"हो सर. पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती फरशीवरच्या फुलीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमचीच टेप आहे ना."

बाकं लावली. बरोब्बर बसली. सुतार मिशीत हसला आणि करवत परत पिशवीत घातली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण माझं लक्ष टाळ्यांत नव्हतं. सुताराला म्हटलं, "टेप दोन दिवस द्याल का? सोमवारी आणून देतो."

शुक्रवार, २४, संध्याकाळी

खिडकीखालची जागा १४७. कपाट ३६. पेटी ३०. यंत्र इथे नाही, पण ८२ वजा दोन, ८०. बेरीज १४६.

तीनदा मोजलं. एक सेंटिमीटर उरतो.

शनिवार, २५

अर्ध्या दिवसाची शाळा. वर्गात शिरलो तर मुलं घोड्याच्या नालात बसलेली. मला कुठे बघावं कळेना. नेहमी मी मधल्या ओळीवरून शेवटच्या भिंतीकडे बघून शिकवतो. आता तिकडे भिंतीऐवजी चेहरे.

पण सदतीस ते सदतीसच. एकोणीस बाकं झाली तरी एक जण बाकावर एकटा उरणार. शून्य आपणहून कडेच्या बाकावर जाऊन बसली होती. वकील उठला. त्याने एक तक्ता भिंतीला लावला. रोज एक नाव. एकटं बसायची पाळी प्रत्येकाला सदतीस दिवसांतून एकदा. पहिलं नाव त्याने स्वतःचं टाकलं होतं. शून्याचं नाव सदतिसावं.

"हिचं शेवटी का?" मी विचारलं.

"हिची आधीच भरपूर झालीय, सर."

मी गमतीत म्हटलं, "आणि माझी पाळी कधी?"

तो तक्त्याकडे बघून म्हणाला, "सर, तुम्ही तर रोजच एकटे बसता." त्याच्या मनात काही नव्हतं, टेबल-खुर्चीबद्दलच बोलला तो. मुलं हसली. मी खडू शोधायला खाली वाकलो आणि जरा जास्त वेळ वाकून राहिलो.

घरी आल्यापासून टेप टेबलावर ठेवून बसलोय. परत दिली तर फोन बंद होतील. नाही दिली तर ती तिकडे बाह्या आखूड करत राहील. आता कळलं, चष्म्याचा नंबर नव्हेच. ती वर्षानुवर्षं या टेपने मोजून मनात दोन वजा करत आली. नवी टेप पूर्ण आहे, पण हाताला दोन वजा करायची सवय लागलीय.

मला फार एकटं वाटतंय. हे वाक्य बाईंच्या नकलेत जाणार नाही, पण इथे राहू दे.

रविवार, २६

फोनची वाट न बघता सकाळच्या बसने गेलो. दोन तास लागतात. एवढंच अंतर आहे. नऊ महिन्यांत मी एकदाच गेलो होतो, बारशाला.

दार लेकीने उघडलं. आत खिडकीशी यंत्र. उजेड सरळ सुईवर पडत होता. ही पाठमोरी बसली होती, नात पायाशी चिंध्यांत खेळत होती. मी आल्याचं तिला कळलं, कारण पायटा थांबला, पण तिने टीप पूर्ण करून धागा तोडला आणि मग वळली.

"टेप आणली," मी म्हटलं.

तिने हातात घेतली. अंगठा आपोआप गोटावर गेला. "कुठे सापडली?"

"खिळ्यालाच होती. मी खोटं बोललो."

"हं," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. वर्ग, सुतार, शून्य. मग खिशातून कागद काढला. डावीकडे जुनी मापं, उजवीकडे नवी. म्हटलं, "बघ, बसत होतं. एक सेंटिमीटर उरत होता. सगळा घोळ टेपचा. तुला माहीत होतं टेप तुटकी आहे?"

"माहीत नसायला काय झालं? आपल्या लेकीनेच कापली, चार वर्षांची असताना. मीच गोट लावला. दोन वजा करायचे. सवय होते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. त्या टेपने नका मोजू म्हटलं."

"पण का, ते नाही सांगितलंस."

"तुम्ही विचारलंत?"

लेक नातीला उचलून आत गेली. हिने माझा कागद घेतला, चष्मा सारखा केला आणि शांतपणे वाचला. मला वाटलं, आता तरी म्हणेल की झालं ते झालं, चूक टेपची होती.

"टेपचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. "कपाट तुमचं, पेटी तुमची. नुसती पेटी उचलून बोळकांडीत ठेवली असती तरी यंत्र बसलं असतं. त्याला कशाला लागतं गणित?" आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. "मी वाट बघितली. म्हटलं, आज ना उद्या सुचेल तुम्हाला."

मी कागद परत घेतला. घडी घातली. ती पुन्हा उलगडली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "नाही सुचलं."

"हो ना," ती म्हणाली.

मग तिने माझ्या शर्टाकडे पाहिलं. "ही कॉलर किती विरलीय. इकडे या. उभे राहा नीट." तिने टेप माझ्या पाठीवरून खांद्याला लावली. पहिलं टोक तिच्या अंगठ्याखाली, दुसरं माझ्या दुसऱ्या खांद्यावर. "शेहेचाळीस," ती स्वतःशीच म्हणाली. मी मनात दोन वजा केले. तिनेही केले असणार, कारण आपल्या मापांच्या वहीत चव्वेचाळीस लिहिलं. मग म्हणाली, "वाळलात."

निघताना जिभेवर नेहमीचं आलं होतं, कधी येणार. ते गिळलं. विचारलं, "मी कधी येऊ?"

"रविवारी या. शर्ट झालेला असेल."

शनिवार, १

सुताराची टेप सोमवारीच परत केली. बाईंना स्वच्छ नक्कल दिली, पावणेतीन पानं. त्यांनी शेरा दिला : "अडचणी हा भाग फार थोडक्यात."

आज रजा टाकली. किती वर्षांनी टाकली ते आठवत नाही. कारकून दोनदा म्हणाला, "सर, तब्येत?" शेजारच्या काकूंच्या दोन भावांना बोलावून कपाट बोळकांडीत हलवलं. पेटी मी एकट्यानेच ढकलली. दोन्ही तिथे अंधारात चांगली मावली. फायली बघायला दिवा लावावा लागेल. लागू दे.

मग खिडकीखाली खुर्ची ठेवून बसलो. ऊन नऊ वाजून दहा मिनिटांनी आलं आणि साडेअकरापर्यंत राहिलं. मी या वेळी कायम शाळेत, रविवारी वह्यांत तोंड घालून, त्यामुळे या घरात इतकं ऊन येतं हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत असणार.

दुपारी फोन वाजला. "शर्ट झालाय," ती म्हणाली. मी विचारलं, "बाह्या?" ती हसली, थोडंसंच. "बरोबर आहेत. उद्या दहाची बस घ्या, नऊची भरलेली असते." खिडकीखालची जागा मोकळी केल्याचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पुन्हा माझी मागणीच झाली असती. उद्या तिने विचारलं तर सांगेन.

संध्याकाळी उगाच कागद-पेन्सिल घेतली. जागा १४७. यंत्र ८०. उरतात सदुसष्ट. ही वजाबाकी तिसरीतल्या मुलाला येते. सदुसष्टमध्ये यंत्रापुढच्या तिच्या स्टुलाशेजारी आणखी एक खुर्ची बसते, वह्या तपासण्यापुरती. मोजून पाहिलंय. सध्या तिथे एकटी खुर्चीच आहे.